उजवा की डावा

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर नऊ महिन्यांनी टपालवाला धोंडिराम पुन्हा सायकलवर बसला. उजवा गुडघा वाकतच नव्हता. डावा पाय सुतळीने पायडलला बांधून, त्या एकाच पायाने पायडल मारत आणि डॉक्टरला घालायच्या शिव्या घोकत त्याने उंब्रज ते कऱ्हाड दहा मैल कापले. डॉक्टर मात्र त्याला बघून खूश झाले. गुडघ्याच्याच ऑपरेशनला आलेल्या बायडाबाईला म्हणाले, "बघा, आमचा पेशंट सायकल मारत आलाय! धोंडिराम, यांना जरा धीर द्या."

घोकलेल्या शिव्या बाईमाणसासमोर काही कामाच्या नव्हत्या.

"आवं मावशी," धोंडिराम म्हणाला, "माजा दुखत हुता त्यो ह्यो डावा. सायबांनी कापला त्यो उजवा. आत जाताना तुमचा चांगला गुडघा तेवढा लुगड्यात झाकून ठेवा."