मागचं बटण

"परत धुरकट," ताई म्हणाली. "अरे, तुझा हात आहे की पाळणा?"

धाकट्या भावाने कॅमेरा तिच्या हातात दिला आणि निमूटपणे बाजूला झाला. पडद्यावर आई आणि ताई शेजारी शेजारी बसल्या होत्या, असं म्हणायचं. खरं तर खुर्चीमागचं कपाट तेवढं लख्ख आलं होतं आणि त्याच्यापुढे दोन ठिपके होते, एक निळा, एक पांढरा.

वेळ थोडा होता. आई आज धाकट्याबरोबर त्याच्या गावी जायची होती, कायमची. बॅगा दाराशी लागल्या होत्या. भिंतीवरचे फोटो उतरवून भावजय एकेक चौकट जुन्या चादरीत गुंडाळत होती. नवीन घरात आईला तीच भिंत जशीच्या तशी हवी होती. रोज सकाळी हातात कप घेऊन त्या भिंतीपुढे उभं राहायचं आणि सगळ्यांशी चार शब्द बोलायचे, ही तिची जुनी सवय.

त्या भिंतीवर सगळे होते. काका, मावशी, नातवंडं, धाकट्याचं लग्न, मेलेला कुत्रासुद्धा. नव्हती फक्त ताई. फोटो काढणं हा तिचा धंदा आणि घरातला प्रत्येक फोटो तिनेच काढलेला. दिव्याखाली अंधार, असं भावजय म्हणायची. आई रोज सकाळी भिंतीशी बोलणार आणि त्यात आपण नसणार, या विचाराने ताई सकाळपासून एका फोटोसाठी धाकट्याच्या मागे लागली होती.

बरं, आईचं फोटोत येणं म्हणजे काय सांगावं. बाकीचे डोळे मिटतात, जांभया देतात, शेजारच्याला कोपर मारतात. आई मात्र प्रत्येक फोटोत सरळ कॅमेऱ्यात बघणार, ओठांचा एक कोपरा वर, आता काहीतरी रागावून बोलेल आणि लगेच हसेल अशी. बुजणाऱ्या गिऱ्हाइकांना ताई आईचेच फोटो दाखवायची. कॅमेऱ्यात बघावं तर असं, म्हणायची.

"माझ्या फोनवर काढू का?" भावजयीने विचारलं.

"भिंतीवर लावायचाय. याच कॅमेऱ्याने निघेल," ताई म्हणाली. "तुम्हाला कुणाला कॅमेरा धरता येत नाही, एवढंच. याला नाही, काकांना नाही, माझ्या नवऱ्याला तर नाहीच. सगळ्यांनी मला धुरकटच काढलंय."

"नाचता येईना, अंगण वाकडं, हे तू आम्हाला नेहमी ऐकवतेस," धाकटा म्हणाला. "पण मला एक सांग. मी वरचं बटण दाबलं की फोटो निघतो. नजर कशावर बसवायची, हे त्याला कोण सांगतं?"

"मागचं बटण. अंगठ्याने दाबायचं. मी तसंच लावून घेतलंय, वरच्या बटणाचा फोकसशी संबंध नाही."

"आणि हे आम्हाला तू कधी सांगितलंस?"

ताईचा अंगठा आपोआप तिथे जायचा. तसं बटण आहे हे तिला स्वतःलाही आठवावं लागत नसे, दुसऱ्याला काय सांगणार. इतकी वर्षं ती जगाला नावं ठेवत होती.

"एवढी शिकून शेवटी अंगठेबहाद्दरच," धाकटा म्हणाला. आई खुर्चीत खुदकन हसली.

पण ताई गप्प बसणाऱ्यातली नव्हती. चूक कळली की अर्धं काम झालं, असा तिचा खाक्या. ती पायपुसण्यावर जाऊन उभी राहिली, आईच्या चेहऱ्यावर नेम धरला, अंगठ्याने मागचं बटण दाबलं आणि सोडलं.

"हं. आता फोकस आईवर बसला. मागच्या बटणाला कुणी हात लावला नाही तर तो हलत नाही. तू या पायपुसण्यावरून पाऊल उचलायचं नाही. अंगठा त्या बटणापासून लांब ठेवायचा. फक्त वरचं बटण दाबायचं."

"बस एवढंच?"

"एवढंच."

फाटकाशी गाडी येऊन थांबली. ताईने कॅमेरा धाकट्याच्या हातात दिला आणि पळत जाऊन आईला खेटून बसली, खांद्याला खांदा लावून, म्हणजे दोघी एकाच अंतरावर. धाकट्याने श्वास रोखला.

"आई, इकडे बघ. आई, इकडे."

कट्कन आवाज झाला. फाटकाशी हॉर्न वाजला. ताईने कॅमेरा ओढून घेतला आणि पडदा डोळ्यांजवळ नेला. अगदी स्वच्छ. आईच्या कानामागची बट, चष्म्याच्या काडीला गुंडाळलेला दोरा, ताईच्या ब्लाउजचं सुटलेलं हुक, सगळं दिसत होतं. ताई समोर बघून छान हसत होती. आणि आईची मान साफ वळलेली. ओठांचा तो कोपरा वर होता, डोळेही तेच होते, पण कॅमेऱ्याकडे नव्हते.

ड्रायव्हर बॅगा उचलू लागला. आता दुसरा फोटो निघणं शक्य नव्हतं. ताईला रडूच यायला लागलं.

"काय गं आई. आयुष्यभर प्रत्येक फोटोत नीट कॅमेऱ्यात बघितलंस. एक माझा फोटो होता, त्यातच कशी मान वळवलीस?"

आईने खुर्चीचा हात धरला, उठली, पदर सावरला.

"मी कॅमेऱ्यात कधी बघितलंय?" ती म्हणाली. "मी तुझ्याकडे बघायचे. आज तू जागा बदललीस, त्याला मी काय करू?"