कपाटातला पैलवान

‘लपलेल्या लेकराला दटावू नकोस रे, लाडानं हाक मार.’ फार वर्षांपूर्वी ऐकलेला आईचा आवाज मिस्त्रींना आठवला. म्हणून सुतारांच्या कारखान्यात एकेका नव्या कपाटावर टिचकी मारत ते म्हणाले, “पैलवान, बाहेर ये रे माझ्या राजा.”

“आत कुणी नाही,” मधलं कपाट म्हणालं.

“अरे, आज तुझी दवाखान्याची तारीख. भरपगारी सुट्टी दिली, तरी तू कामावर? लोक दांड्या मारतात म्हणून मी ओरडतो. आता तू आलास म्हणून ओरडू?”

“पॉलिश राहिलंय.”

“दार लावून?”

कपाटानं दार आतून आणखी घट्ट ओढून घेतलं.

“हीही खेप चुकली तर आजवरचं सगळं औषधपाणी वाया जाईल. सुईला भितोस होय? अख्खं कपाट एकटा पाठीवर नेणारा गडी तू!”

बाकीचे सुतार खो खो हसले. दार किलकिलं झालं. आधी भुशानं माखलेलं नाक बाहेर आलं, मग हळूहळू पैलवान.

“सुईचं काही नाही हो, मिस्त्री,” तो खाली बघत म्हणाला. “तिथं प्रत्येकाबरोबर कुणीतरी आलेलं असतं.”