टेबल चार, दहा ते बारा

"ग्राहकाचं नाव टाकल्याशिवाय हे काम पुढे सरकणार नाही, मॅडम," सॉफ्टवेअर विकायला आलेला माणूस म्हणाला आणि त्याने लॅपटॉप तिच्याकडे वळवला.

पडद्यावर कारखान्याचं तीन महिन्यांचं काम रांगेने लागलं होतं. कुठलं यंत्र कधी मोकळं, कुठला माल कुठे तुंबलेला, एका नजरेत कळत होतं. एक चौकोन तेवढा लाल होता आणि तो रोज होता. तपासणी टेबल चार, दहा ते बारा, पितळी बुश, चाळीस नग. ग्राहकाच्या रकान्यात काहीच नाही.

तिने दोन सॉफ्टवेअर निवडीला ठेवली होती. दुसरं ढिलं होतं. काही भरा, काही सोडा, चालून जायचं. तिला हे कडक हवं होतं. सहा महिन्यांत चार ऑर्डरी उशिरा गेल्या होत्या आणि सर्वांत मोठ्या ग्राहकाने आता शेवटची संधी दिली होती. आजवर वेळापत्रक भिंतीवरच्या फळ्यावर चालायचं; तेच विक्रेत्याने पडद्यावर उतरवलं होतं. फळ्यावर रंगीत कार्डं आणि कार्डं लावणारे काका, वडिलांनी कारखाना काढला त्या दिवसापासूनचे. कुठलं कार्ड का हललं ते फक्त त्यांच्या डोक्यात. विचारलं की म्हणायचे, "होतंय ना वेळेवर?" हल्ली होत नव्हतं.

रोज चाळीस, म्हणजे यंत्रात बसणाऱ्या या छोट्या पितळी नळ्या, बुश, महिन्याला हजार. पाठवणीच्या नोंदीत त्यातला एकही नव्हता. दहा ते बारा ती ग्राहकांकडे फिरतीवर असायची, हे काकांना पक्कं ठाऊक होतं. तिने विक्रेत्याला चहाला पाठवलं आणि काकांना आत बोलावलं.

"काका, हे बुश कुणाचे?"

काकांनी पडद्याकडे पाहिलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

"कुणाचेच नाहीत, ताई."

"महिन्याला हजार नग हवेत विरतात का? आमच्या छपराखाली बाहेरची कामं करत असाल तर उद्यापासून येऊ नका."

"हजार नाहीत. चाळीसच आहेत. तेच ते." काका खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते. "गेल्या वर्षी तो लॉट परत आला होता, मापाला कमी भरलेला. तो मी नाही, साहेबांनी, तुमच्या वडिलांनी, टेबल चारवर पास केला होता. पुन्हा तसं झालं असतं तर तुम्ही त्यांना घरी बसवलं असतं. घरी बसला की माणूस खचतो. म्हणून एक पेटी बाजूला काढली. दहाला त्यांच्यापुढे ठेवतो, बाराला उचलतो. त्यांना कळत नाही. कालचं आज कुठे आठवतंय त्यांना? आता सांगा, ग्राहक कोण म्हणून लिहू?"

त्या लॉटवरून तिने काकांना सगळ्यांदेखत झापलं होतं. तेव्हा ते मान खाली घालून उभे राहिले होते.

पण त्या दोन तासांत खरा माल टेबलापाशी खोळंबून राहायचा, हेही पडद्यावर स्पष्ट दिसत होतं.

"सोमवारपासून ही पेटी बंद," ती हळू आवाजात म्हणाली. "बाबांना मी सांगते."

बाराला दहा कमी होते. टेबल चारवर वडील मायक्रोमीटर दिव्याखाली धरून आकडा वाचत होते. आकडा वहीत उतरवायचा, बुश फडक्याने पुसायचा, पेटीत त्याच्या जागी ठेवायचा. बुश रोजच्या हाताळण्याने दागिन्यासारखे लखलखत होते. ती शेजारी उभी राहिली.

"कॉम्प्युटरवाले आलेत म्हणे," वडील मान वर न करता म्हणाले. "कुठलंही घे. फक्त ही पेटी त्यात बसेल असं घे."

"का, बाबा?"

त्यांनी लांब फळ्यापाशी उभ्या असलेल्या काकांकडे एकदा पाहून घेतलं. मग आवाज खाली आणला आणि एक बुश तिच्यापुढे सरकवला.

"सतरावा. हा चरा बघ. वर्षभर रोज हाच चरा, हीच पेटी. तुझा काका विसरतो गं हल्ली. मी आपला मुकाट्याने तपासतो आणि सही करतो. आता तुझ्या त्या कॉम्प्युटरात दिसेलच, म्हणून सांगतो. पण त्याला काढू नकोस. घरी बसला की माणूस खचतो."