निसरपूरच्या घाटावरची गोष्ट

"घाटाचं नाव बदलू नकोस," सुभद्राबाईंनी लिहिलं. "बाकी तुला हवं ते बदल."

वासंतीचं पत्र लंडनहून कालच देवासला आलं होतं. नवऱ्याच्या डॉक्टरकीच्या शिक्षणासाठी ती एकोणपन्नास साली तिकडे गेली. तीन वर्षांनी तिला तिथल्या रेडिओवर काम मिळालं. आठवड्यातून एकदा मराठी कार्यक्रम लागे, त्यात गोष्ट सांगायची. लहानपणी आई रोज एक गोष्ट सांगायची, म्हणून तिनं आईकडेच गोष्ट मागितली.

सुभद्राबाईंनी एका बाईची गोष्ट पाठवली. सोमवतीच्या स्नानाला बाई निसरपूरजवळ नर्मदेच्या घाटावर जाते. गर्दीत रेटारेटी होते. अडीच वर्षांची मुलगी हातातून सुटते. मग बाई गावोगाव तिला शोधत हिंडते.

सुभद्राबाई एका वेळी चारच पानं लिहीत. त्यामुळे गोष्टीचे भाग पडत गेले, आणि मायलेकींची जोडी जमली. आईनं प्रसंग लिहायचे, मुलीनं त्यात माणसांना बोलतं करायचं. वासंतीनं आपल्या मनानं एक नावाडी आणला.

"नावाडी छान आहे, पण फार बडबडतो," आईनं कळवलं. "नदीवरची माणसं इतकं बोलत नाहीत."

पुढच्या भागात नावाडी गप्प झाला.

स्टुडिओत कुणीतरी परातीत हात बुडवून नदीचा आवाज काढत होतं. सुभद्राबाईंनी तेही ओळखलं. "नर्मदा अशी चुळुकचुळुक करत नाही," असं त्यांनी लिहिलं. त्यावर वासंतीनं पाण्याचा आवाजच काढून टाकला. 'बाई घाटावर आली' एवढं म्हणून ती क्षणभर थांबली. त्या थांबण्यात सुभद्राबाईंना नदी ऐकू आली.

रेडिओ शेजारच्या दत्ताजींकडे होता. दत्ताजी देवास संस्थानच्या धाकट्या पातीच्या पलटणीतले जुने जमादार. दर बुधवारी संध्याकाळी ते कुंपणापाशी येऊन हाक मारत.

"माई, चलो, बिटिया का टाइम हो गया!"

आणि ऐकून झालं की विचारत, "ती पोर सापडणार ना हो शेवटी?"

"बघू या," सुभद्राबाई म्हणत.

त्यांचा हट्ट तीनच बाबतींत होता. घाटाचं नाव निसरपूरचंच राहिलं पाहिजे. मुलीच्या अंगात पिवळा परकर हवा, आणि त्याला जुन्या लुगड्याची हिरवी पट्टी. आणि प्रत्येक भागाच्या शेवटी सांगायचं की ही गोष्ट देवासच्या सुभद्राबाईंची आहे.

"आई, तुला या वयात नावाची हौस!" वासंतीनं थट्टा केली. पण ऐकलं सगळं.

मग एका पत्रात तिनं विचारलं, "आई, रागावू नकोस. माझ्याआधी तुला कुणी झालं होतं का? ही गोष्ट तू रचलेली वाटत नाही."

ते पत्र सुभद्राबाईंनी आठ दिवस देवाजवळ ठेवलं. यजमान, मोरोपंत, असते तर त्यांनी ही गोष्ट मुळी बाहेर पडूच दिली नसती. पण ते जाऊन दीड वर्ष झालं होतं. आता अडवणारं कुणी नव्हतं, आणि निभावून नेणारंही.

शेवटी त्यांनी लिहिलं, "तुझ्याआधी मला कुणी नव्हतं. तुझ्यानंतरही नाही. गोष्टीचा शेवट माझ्याकडे नाही. आला की कळवीन."

मार्गशीर्षातल्या एका बुधवारी, उन्हं उतरताना, दाराशी एक बाई आली. पन्नाशीला टेकलेली, हातात कापडी पिशवी, पायांवर रस्त्याची धूळ.

"सुभद्राबाई आपणच का? मी जानकी. धारला एका घरी सैपाकाला असते. सकाळच्या बसनं इंदूरला आले, तिथून इकडे."

सुभद्राबाईंनी चौकट धरली. हा दिवस यावा म्हणून तर त्यांनी लिहायला घेतलं होतं. आता तो आला, तर दार लावून घ्यावंसं वाटलं.

"आत या," त्या म्हणाल्या. त्यांनी पाणी दिलं, गूळ दिला.

जानकीबाईंनी गुळाला हात लावला नाही. "मालकांच्या घरी रेडिओ आहे. चार बुधवार ऐकतेय. ती हिरवी पट्टी माझ्या सासूबाईंच्या लुगड्याची हो. मीच शिवली होती. चोवीस वर्षं झाली. लोक म्हणाले, वाहून गेली, आता नाद सोड. मी नाही सोडला."

सुभद्राबाईंनी गूळ पुन्हा पुढे केला.

"गोष्ट तुमची आहे असं त्या बाई सांगतात. तुम्हाला कुणी सांगितली? माझी यमी कुणाला सापडली?"

"एका बाईला," सुभद्राबाई म्हणाल्या. "तिला मूल नव्हतं. चौकीवर न्यायला हवं होतं तिनं. नेलं नाही."

"जिवंत आहे?"

कुंपणापलीकडून दत्ताजींची हाक आली. सुभद्राबाई उठल्या. त्यांनी जानकीबाईंना हाताला धरून शेजारी नेलं आणि रेडिओजवळच्या खुर्चीत बसवलं. आधी खरखर झाली. मग वासंतीचा आवाज स्वच्छ लागला. बाई घाटावर आली, असं म्हणून ती थांबली.

जानकीबाईंनी पदर तोंडाला लावला. "किती जीव लावून सांगते हो! हिला सगळं ठाऊक असणार. हिचा पत्ता द्या मला. हिलाच विचारते, माझी यमी कुठं आहे."

सुभद्राबाईंनी त्यांच्या पायाला हात लावला.

"जानकीबाई," त्या म्हणाल्या, "तुमची यमीच बोलतेय."