चार घुंगरं

आज तिसरा दिवस, आणि कल्याण अजूनही निकिताच्या मागेच चालत होता.

कुमशेत सोडून पाचनईच्या वाटेला लागल्यापासून रेश्माने चारदा मागे वळून पाहिलं. चारही वेळा तेच. पुढे तिची आठ वर्षांची लेक आणि तिच्या मागे पाच-सहा पावलांवर हा उंच, हाडकुळा, तोंड मिटलेला माणूस. पाठीवर सगळ्यांच्या शिध्याचं ओझं, हातात काठी. नजर एक तर पोरीवर, नाही तर झुडपात. समोर वाटेकडे म्हणून बघायचा नाही.

नगरच्या सावेडीतून निघताना सासूने नको म्हटलं होतं, नवऱ्याने नको म्हटलं होतं. पण फ्लॅटमध्ये वाढणाऱ्या मुलीला डोंगर दाखवायचाच, असं ठणकावून रेश्मा निघाली होती. रतनवाडी, कुमशेत, पाचनई असे तीन मुक्काम, प्रत्येक मुक्काम गावातल्या कुणाच्या तरी घरी, सोबत आठ माणसं. सगळं कसं चोख होतं. फक्त ओझं वाहायला घेतलेला हा कल्याण तिला पहिल्या दिवसापासून खुपत होता. त्याने आल्या आल्या काय विचारावं? "पोरगी कितीची हाय?" आठ वर्षांची म्हटल्यावर तो निकिताकडे नुसता बघतच राहिला. रेश्माच्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हाच. त्यातून रतनवाडीच्या घरी हा बाबा नेमका बायकांच्या खोलीच्या उंबऱ्याशी आडवा झाला. अख्खी ओसरी मोकळी असताना!

दुसऱ्या दिवशी त्याने पिशवीतून एक सुतळी काढली. तिच्यात चार पितळी घुंगरं ओवलेली होती. ती त्याने निकिताच्या दप्तराला बांधली.

"आमच्या बैलाची हायती," तो म्हणाला. "वाजत ऱ्हाऊ द्या."

निकिता हरखून गेली. दिवसभर डोंगरात छुमछुम चालली होती, आणि रेश्माच्या अंगाचा तिळपापड होत होता. परक्या माणसाने आपल्या पोरीला भेटी का द्याव्यात?

ही सगळी सहल ठरवणारा ओंकार. तिने त्याला बाजूला घेऊन विचारलं.

"पाथर्डीकडचा आहे, ताई," ओंकार म्हणाला. "ऊसतोडीला जायचा. दोन वर्षांपूर्वी कोयता टाकला तो टाकलाच. का, ते काही सांगत नाही. पण माणूस सोन्यासारखा आहे."

सोन्यासारखा! ओंकारचं लग्न अजून व्हायचं होतं. ज्याला मुलगी नाही, त्याला कुणीही सोन्यासारखं वाटायचंच.

म्हणून आज सकाळी कुमशेतहून निघताना रेश्माने ती सुतळी गुपचूप सोडली आणि स्वतःच्या खिशात टाकली. निकिताच्या आधी कल्याणच्याच ते ध्यानात आलं.

"घुंगरं कुठं गेली, ताई?"

"तुटली," रेश्मा सरळ खोटं बोलली.

त्यानंतर पाच-सहा पावलांचं अंतर दोनवर आलं. रेश्माला ते बरोबर दिसलं. पाचनईला पोचलो की गाडी करायची आणि थेट घर गाठायचं, हे तिने तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

दुपारी सगळे एका झाडाखाली टेकले. टाचेला आलेला फोड बघायला रेश्माने बूट काढला, तेवढ्यात निकिता कुजबुजली, "आई, मला जायचंय."

"त्या करवंदीच्या जाळीमागे बस. जा, इथेच तर आहे."

पट्टी चिकटवून तिने मान वर केली, तर कल्याण जागेवर नव्हता.

तो जाळीपाशी उभा होता. निकितापासून चार पावलांवर.

रेश्मा एका पायात बूट घालून तशीच धावली. दगड टोचले, काटे बोचले, तिला काही कळलं नाही. जवळ जाऊन तिने हात उगारला.

"लाज नाही वाटत? तुमच्या लेकीएवढी पोर आहे ती!"

कल्याण वळला नाही. तेव्हा कुठे रेश्माच्या लक्षात आलं, की त्याची पाठ निकिताकडे होती. तोंड रानाकडे होतं. दोन्ही हातांनी धरलेली काठी तो समोरच्या दगडावर आपटत होता, एका लयीत, न थांबता. घुंगरं वाजावीत तशी.

"लेकीएवढीच," तो रानावरची नजर न काढता म्हणाला. "उभ्या मानसाच्या वाटंला बिबट्या जात न्हाई, ताई. खाली बसलेलं लेकरू त्याला करडावानी दिसतं."

रेश्माचा हात वरच राहिला.

"उसाच्या फडाच्या कडंला पाचटाची कोपी हुती आमची. माझी पोरगी पहाटं अशीच उठली. मी मोळ्या बांधीत हुतो. म्हनलं, जा एकली, हितंच तर हाय."

काठी थांबली. निकिता जाळीमागून बाहेर आली आणि आईच्या एका अनवाणी पायाकडे बघून हसू लागली. रेश्माला स्वतःची इतकी शरम आयुष्यात कधी वाटली नव्हती. तिने खिशातून सुतळी काढली. दप्तराला बांधायला गेली, पण गाठ काही बसेना. शेवटी कल्याणनेच खाली वाकून ती बांधली. चांगली दोनदा आवळली.

"काका, सापडली घुंगरं!" निकिताने दप्तर हलवून बघितलं. "पण मग तुमच्या बैलांना काय? आणि बैल आहेत कुठे?"

"घरी हायती. दोन्ही धडधाकट हायती," कल्याण म्हणाला. "त्या पहाटं त्यांच्या गळ्यात घुंगरं हुती."