चष्मेवाल्या काकांचा खेळ

"काकांच्या खेळात घुबड बोलतं," हातातले फासे खुळखुळवत बिट्टी म्हणाली.

तिचा बाबा फोनवर होता. कुठल्याशा इमारतीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मधोमध अडकली होती आणि आतल्या बाई त्याचा उद्धार करत होत्या. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला लोक शनिवारीसुद्धा सुखाने बसू देत नाहीत. त्याने बिट्टीला हातानेच थांबायची खूण केली आणि ती थांबली. तिला सवय होती.

फोन ठेवल्यावर त्याने विचारलं, "कुठले काका?"

"घरी येतात ते. चष्मेवाले."

बिट्टीची आई चष्म्यांच्या दुकानात कामाला होती. बाबाला आणखी काही विचारायची गरज वाटली नाही.

नवरा-बायको वेगळे होऊन बरेच दिवस झाले होते. बिट्टी आईकडे राहायची आणि शनिवारी बाबाकडे यायची. तिचं मन रमावं म्हणून त्याने आपल्या लहानपणीची लाडकी चित्रकथा, 'काळ्या जहाजाचा कप्तान', माळ्यावरून खाली काढली आणि तिचा खेळ बनवला. बाबाने गोष्ट सांगायची, बिट्टीने कप्तान व्हायचं. संकट आलं की काय करायचं ते तिने ठरवायचं आणि ते साधलं की फसलं, ते फाशांनी. पुस्तक ती वाचायला घरी घेऊन गेली होती. आता हा कोण कुठला उपटसुंभ त्याच पुस्तकावर स्वतःचा खेळ चालवत होता. आयत्या पिठावर रेघोट्या नुसत्या. बाबाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"कप्तानाचं घुबड बोलूच शकत नाही," तो म्हणाला. "पुस्तकात ते मुकं आहे."

"हो, पण बोललं की मजा येते."

पुढच्या शनिवारी बाबाच्या खेळातही घुबड बोललं. घोगरं, तिरसट, लिफ्टमध्ये अडकलेल्या बाईंसारखं. बिट्टी हसून हसून खुर्चीवरून पडायची बाकी राहिली. बाबाची कॉलर जरा ताठ झाली. तेवढ्यात फोन वाजला आणि तो बोलून परत येईपर्यंत बिट्टी खिडकीशी जाऊन उभी राहिली होती.

"काका खेळताना फोन बंद ठेवतात," ती म्हणाली.

ठेवत असतील. चष्मे काही मजल्यांच्या मध्ये अडकत नाहीत. बाबा आठवडाभर कुढला, पण नंतरच्या शनिवारी त्याने काम एका सहकाऱ्याच्या गळ्यात मारलं आणि फोन कपाटात कोंबला.

मग कळलं की काका नकाशासुद्धा काढतात. बाबाने बेटांचा नकाशा काढला, वर खडक आणि भोवरे रंगवले. काका म्हणे "आता काय करशील?" असं विचारून उत्तर येईपर्यंत गप्प बसतात. बाबाही ओठ घट्ट मिटून गप्प बसू लागला. काका कधी चिडत नाहीत. बाबानेही चिडणं सोडलं. जळफळाटाने माणूस इतका गुणी होत असेल, तर जळफळाट औषध म्हणूनच द्यायला हवा.

एकदा तर तो चष्म्यांच्या दुकानासमोर जाऊन आला. काचेतून आत डोकावून कोण ते ओळखायचा बेत होता. पण आत सगळ्यांनाच चष्मे होते.

बिट्टीच्या आईला सरळ विचारता आलं असतं. पण बिट्टीने बजावून ठेवलं होतं, "आईला विचारू नकोस. तिला नाही आवडणार." शिवाय विचारलं असतं, तर हा जळतोय हे तिला कळलं असतं. आणि तो जळतच होता. मुलीला आईच्या इमारतीच्या फाटकाशी सोडून तो तसाच परत फिरायचा.

याच सुमारास दुसऱ्या शहरातल्या वरच्या जागेसाठी साहेब त्याच्या मागे लागले होते. शनिवार हातचा जाईल म्हणून तो आजवर नाही म्हणत आला होता.

अखेर एका शनिवारी खेळ असा रंगला की विचारू नका. जहाज भोवऱ्यात सापडलं, बिट्टी खुर्चीवर चढून हुकूम सोडू लागली, घुबडाचा घसा बसला. जहाज सुटलं तेव्हा दोघंही घामाघूम झाले होते. बाबाला वाटलं, आता बोला म्हणावं काकांना. आणि विचारू नये ते त्याने विचारलं.

"खरं सांग. कुणाचा खेळ जास्त चांगला?"

बिट्टीने बराच विचार केला.

"काकांचा," ती म्हणाली. "थोडासाच. पुढच्या शनिवारी तू त्यांच्या पुढे जाशील."

बाबा हसला, पण त्याने मनातून हात टेकले. पोरीला आठवडाभर इतका भला माणूस मिळतोय, तिथे एका दिवसाच्या बापाचं काय काम? सोमवारी त्याने साहेबांना होकार कळवला. आठवडा संपायच्या आत त्याच्या जागी नवा माणूस रुजूही झाला.

त्या शनिवारी तो फाटकातून मागे फिरला नाही. बिट्टीबरोबर वर आला. दार उघडताच ती बूट भिरकावून आत पळाली. दारातच त्याने तिच्या आईला सगळं सांगितलं. बदली झाली, सामान पुढे गेलं, उद्या सकाळी निघायचं, आता येणं होईल ते क्वचितच.

आई म्हणाली, "बिट्टीला सांगितलंस?"

"धीर झाला नाही. तूच सांग." तो म्हणाला. "तशी काळजी नाही म्हणा, काका आहेतच. माणूस चांगला वाटतो. कप्तानाचं पुस्तक आता त्यांच्याकडेच राहू दे."

"कोण काका?" आईने विचारलं. "इथे आम्ही दोघीच असतो."