टोकदार

रेवूनं टीपॉयच्या कोपऱ्यावर कपाळ आपटलं आणि भोकाड पसरलं. हेमांगीनं तिला कडेवर घेतलं, कपाळावर फुंकर घातली आणि टीपॉयला दोन चापट्या लगावल्या. “हात् मेल्या! टोकदार कुठला! माझ्या बाळीला लागलं ना?” टीपॉयला मार बसलेला बघून रेवू हुंदक्यातच हसली. घरात दिवसभर या दोघीच. त्यामुळे कपाट, पलंग, खिडकीचा कठडा, सगळेच टोकदार अपराधी एव्हाना मार खाऊन चुकले होते.

तेवढ्यात फोन वाजला. रेवूचा बाबा जहाजावरून बोलत होता. “अगं, रेवूच्या वाढदिवसाला यायला नाही जमणार. बदली माणूस मिळेना. तू समजून घेशील, मला माहितीये.”

“हो, घेईन की,” ती म्हणाली. “तू जेवलास का?”

फोन झाल्यावर ती भिंतीला टेकून खाली बसली, आणि इतका वेळ धरून ठेवलेलं रडू काही केल्या आवरेना.

रेवू बावरली. आईला लागलंय, म्हणजे जवळ काहीतरी टोकदार असणारच. टीपॉय तर लांब होता. भिंत सपाट होती. आईजवळ होता फक्त मांडीवरचा फोन. रेवूनं त्याचे गुळगुळीत, गोल कोपरे बोटानं चाचपून पाहिले, जरा विचार केला आणि चापट मारलीच. “हात् मेल्या! तोकदाल!”

मग आईची हनुवटी धरून तिनं विचारलं, “कुथं लागलं?”

काय दाखवणार? हेमांगीनं कोपर पुढं केलं. रेवूनं गाल फुगवून त्यावर फुंकर घातली.